उंदीर, गाठीचा ताप आणि गावकुसाबाहेरचा माणूस

रोगाला जात नसते, असे आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. हे विधान जंतूंच्या बाबतीत खरे आहे, माणसांच्या बाबतीत खोटे आहे. जंतू जात विचारीत नाही हे मान्य. पण जंतू ज्या वाटेने माणसापर्यंत येतो ती वाट समाज आखतो. कोणी कोठे राहावयाचे, कोणी काय उचलावयाचे, कोणाचे कपडे कोणी नेसावयाचे, हे ज्या समाजात जन्माने ठरते, त्या समाजात रोगाची वाटही जन्मानेच ठरते. उंदरांपासून माणसाला होणाऱ्या रोगांचा महाराष्ट्रातील इतिहास मी या दृष्टीने तपासू इच्छितो. मी जालना जिल्ह्यातला. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या इतिहासाकडे मी मराठवाड्याच्या मातीवर उभा राहून पाहणार आहे.

प्लेगचा इतिहास म्हणून आपली पाठ्यपुस्तके काय शिकवतात? पुण्यात १८९७ साली प्लेग आला, रँडच्या गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून तपासण्या केल्या, देवघरे बाटविली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. एवढाच प्लेग आपल्या पोरांना ठाऊक असतो. सोजिरांनी केलेला जुलूम खराच होता, त्याची सफाई देण्याचे मला कारण नाही. पण ज्या रोगाने १८९६ पासूनच्या पंचवीस वर्षांत या देशातील सुमारे एक कोटी माणसे नेली, त्याचा सारा इतिहास एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या वधात संपवावा, हे मला मान्य नाही. त्या एक कोटींत आपली माणसे किती होती? त्यांना कोणी उचलले? त्यांच्या घरांचे काय झाले? या प्रश्नांना पाठ्यपुस्तकात जागा नाही. प्रस्थापितांच्या इतिहासात देवघर बाटल्याची नोंद होते. ज्याला देवघरच नव्हते त्याच्या मरणाची होत नाही.

१

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी पहिला रोगी ओळखला. तापाने फणफणलेला, जांघेत किंवा काखेत गाठ आलेला, दोन-चार दिवसांत संपणारा. मांडवी म्हणजे गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. हाँगकाँगला हा रोग दोन वर्षे आधीच पोहोचला होता आणि तेथे १८९४ मध्ये येर्सिन या संशोधकाने त्याचा जंतू शोधून काढला होता. धान्याच्या पोत्यांतून, जहाजांच्या तळांतून उंदीर आले आणि त्यांच्याबरोबर रोग आला.

परंतु हे आज आपण म्हणतो. त्या वेळी सरकारी वैद्यकाला उंदीर दिसत नव्हता, त्याला घाण दिसत होती. आणि घाण म्हणजे गरिबाचे घर, असे समीकरण तयारच होते. रोग जमिनीत, ओलीत, कोंदट हवेत असतो असे मानून घरे कार्बोलिक द्रावाने धुतली गेली, कौले काढली गेली, बिछाने जाळले गेले. परिणाम काय झाला? घर धुतले की भिंतीतले उंदीर शेजारच्या घरात पळत आणि रोगही त्यांच्याबरोबर पळे. ज्यांचे बिछाने जळले त्यांना दुसरे बिछाने मिळाले नाहीत, आणि रोग मात्र शिल्लक राहिला.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत एक साधा प्रयोग केला. आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर एकमेकांना शिवू शकणार नाहीत असे ठेवले, पण पिसवांना मोकळीक दिली. निरोगी उंदीरही प्लेगने मेला. रोग शिवण्याने लागला नाही, पिसवेच्या चाव्याने लागला! ज्या देशात शिवण्याला एवढे महत्त्व, त्या देशाच्या भूमीवर हा शोध लागावा यात एक उपरोध आहे. सिमाँचे म्हणणे प्रारंभी उडवून लावले गेले. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने ते पुन्हा पुन्हा सिद्ध केले, तेव्हा कोठे जग मानू लागले.

यातली प्रक्रिया कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावयास हवी, कारण पुढचा सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. उंदराच्या अंगावरची पिसू त्याचे रक्त पिते, तेव्हा जंतू तिच्या पोटात जातात आणि वाढून तिची अन्ननळीच तुंबवितात. पिसू उपाशी राहते, म्हणून पुन्हा पुन्हा चावते, आणि प्रत्येक चाव्यात जंतू ओकते. उंदीर मेला, त्याचे अंग थंड पडले, की ती दुसरे ऊबदार अंग शोधते. दुसरा उंदीर मिळाला नाही तर माणूस. म्हणून आधी उंदीर पडतात आणि मग माणसे पडतात. खेड्यातल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना हे पुस्तकाशिवाय कळले होते. "उंदीर पडला" एवढे दोन शब्द ऐकले की गाव सोडायचा, हा त्यांचा नियम सरकारी वैद्यकापेक्षा शहाणा होता.

२

मुंबईतील पहिल्या महिन्यांची एक हकीकत आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे. रोग्याला सक्तीने रुग्णालयात न्यावयाचे, असे फर्मान निघाले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. लोक शहर सोडू लागले. तेव्हा म्युनिसिपल कमिशनर स्नो यांच्यापुढे मोठी धास्ती उभी राहिली ती व्यापारी पळतील याची नव्हती. हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही, ही ती धास्ती होती. या धास्तीपोटी सक्तीचे नियम सैल करावे लागले.

मित्रहो, येथे थोडे थांबावे. ज्यांच्या सावलीचा विटाळ होई, ती माणसे निघून गेली तर साम्राज्यातले हे बलाढ्य शहर मोडून पडेल, हे साम्राज्याच्या अधिकाऱ्याला कळले होते. त्या कामगारांना स्वतःला ते पुरते कळले होते का? त्यांची संघटना असती, त्यांना आपल्या श्रमाची किंमत मागता आली असती, तर मुंबईचा इतिहास निराळा झाला असता. त्यांच्या जाण्याला शहर भ्याले, पण त्यांच्या राहण्याचा मोबदला त्यांना मिळाला नाही. रुग्णालयांचेही तसेच. पुढे निरनिराळ्या जातिजमातींना आपापली खासगी प्लेग-रुग्णालये काढण्याची मुभा मिळाली. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी आपल्या जातीची खाट आपल्या जातीसाठी राखली. माणूस मरणाच्या दारात असतानाही जात खाटेपाशी उभी राहिली.

या काळात दोन माणसे अशी गेली की त्यांची नावे चाफेकरांच्या बरोबरीने प्रत्येक शाळेत घेतली जावयास हवी होती. एक नारायण मेघाजी लोखंडे. 'दीनबंधु'चे संपादक, गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणाऱ्या चळवळीचे नेते. प्लेगच्या दिवसांत ते मुंबईतल्या कष्टकऱ्यांना सोडून गेले नाहीत. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला.

दुसऱ्या सावित्रीबाई फुले. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांचा पांडुरंग हा लहान मुलगा तापाने पडल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मुलगा जगला. सावित्रीबाईंना रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या दिवसांत शहाणे म्हणविणारे लोक रोग्याच्या घरावरून जात नव्हते. आणि अस्पृश्याच्या घरावरून तर निरोगी काळातही जात नव्हते. सावित्रीबाईंनी दोन्ही भिंती एका पावलात ओलांडल्या. ज्या स्पर्शाला धर्माने पाप ठरविले आणि वैद्यकाने धोका ठरविला, तो स्पर्श त्यांनी समजून उमजून केला. महाराष्ट्रातल्या प्लेगचा इतिहास लिहावयाचा तर त्याच्या मध्यभागी हे दृश्य असावयास हवे.

३

आता आमच्या मोगलाईकडे येतो. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे औरंगाबादकडून आले आणि परतूर परभणीकडून. इंग्रजी मुलखातल्या प्लेगचे अहवाल, आयोग, छायाचित्रे सारे काही आहे. मोगलाईतल्या खेड्यापाड्यांच्या वाट्याला तसे काही आले नाही. तेथला इतिहास म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी राहिला आणि त्यांच्याबरोबर गेला.

तरी मोठ्या गोष्टी स्पष्ट आहेत. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आणि गोदावरी खोऱ्यातला मनमाडहून निघणारा लोहमार्ग या दोन्ही गोष्टी जालन्यात जवळपास एकाच वेळी आल्या. "जालना सोने का पालना" ही म्हण जुनी. धान्य आणि कापूस यांची ही मोठी पेठ. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा. रेल्वे आली आणि मोंढ्याचा व्यापार वाढला. धान्याचे पोते जेथे जाते तेथे उंदीर जातो, आणि पोत्याच्या शिवणीत पिसवा जातात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्लेग निजामाच्या राज्यात पसरला आणि १९११ मध्ये खुद्द हैदराबाद शहरात त्याने थैमान घातले. पेठेचा पाळणा सोन्याचा खरा, पण त्याची दोरी कोणाच्या हातात आणि त्याखालचा उंदीर कोणाच्या घरात, हा प्रश्न राहतोच.

लहानपणी आमच्याकडची म्हातारी माणसे वयाचा हिशेब सालांनी करीत नसत. "गाठीच्या वर्षी मी पाळण्यात होते," अशी बोलणी असत. त्यांच्याकडून ऐकलेले मला आठवते ते असे. गावात उंदीर पडला की दवंडी होई आणि गाव माळावर जाई. ज्याला मळा होता तो आपल्या मळ्यात कडब्याची खोप घाली. ज्याला जमीन नव्हती तो कोणाच्या बांधावर जाणार? आणि महाराला तर गाव सोडून जाणेच अवघड. ओस पडलेल्या गावाची राखण कोणी करावयाची? वतनाने ज्याच्याकडे राखण दिली होती त्याने! सारे गाव मोकळ्या हवेत, आणि उंदीर पडलेल्या, पिसवांनी भरलेल्या गावाशी संबंध कोणाचा, तर गावकुसाबाहेरच्याचा. एरवी ज्याला गावात शिरू द्यावयाचे नाही, त्याला फक्त रोगराईत गावाचा मालक करावयाचे, असा हा न्याय.

याहून भयंकर गोष्ट निराळीच आहे. मेलेल्याचा सांगावा परगावी नेणे, सरपणाला हात लावणे ही कामे महारकीत येत. आणि या कामाचा हक्क काय? प्रेतावरचे वस्त्र! मनुस्मृतीने दहाव्या अध्यायात चांडाळाला मृतांची वस्त्रे नेमून दिली आहेत. गावगाड्याने ती नेमणूक हक्क म्हणून चालविली. आता वरची पिसवेची हकीकत आठवा. प्लेगच्या रोग्याच्या कपड्यांतून, अंथरुणातून रोगी पिसवा दूर दूर जातात, हे संशोधकांनी नोंदविले आहे. म्हणजे ज्याला हक्क म्हटले तो हक्क रोगाचा होता. कफन अंगावर घेणाऱ्या माणसाला आपण काय पांघरतो आहोत याची कल्पना नव्हती, आणि ते नाकारण्याची सोय नव्हती. शास्त्राने हजारो वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका ओळीने रोगाची वाट महारवाड्यापर्यंत आखून ठेवली होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जो ग्रंथ जाळला गेला, तो आपण सामाजिक अपमानाचे प्रतीक म्हणून पाहतो. मी म्हणेन, आरोग्याच्या दृष्टीनेही ते दहन योग्यच होते. मेलेले जनावर ओढू नका, मेलेले मांस खाऊ नका, हा बाबासाहेबांचा आदेशही याच अंगाने पुन्हा वाचावयास हवा. तो स्वाभिमानाचा आदेश होता आणि तो आरोग्याचाही होता.

दुसरी बाजू मरीआईची. साथ आली की मरीआईचा गाडा काढावयाचा, तो वाजतगाजत शिवेपलीकडे सोडावयाचा. पोतराज मांगाचा, अंगावर आसूड ओढून घ्यावयाचा तो त्याने. रोग घालविण्याचे काम ज्याच्याकडे, तोच रोग आणतो असा संशयही त्याच्यावर! गाडा दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला म्हणजे आपला रोग गेला, ही समजूत. रोग नाहीसा करावयाचा नाही, शेजाऱ्याच्या दारात नेऊन सोडावयाचा, हे साऱ्या जातिव्यवस्थेचेच तत्त्वज्ञान नव्हे काय? उतरंडीतला प्रत्येक माणूस आपल्या वाट्याची घाण खालच्याकडे सरकवतो. सर्वांत खाली जो असतो त्याला शीव नसते.

४

प्लेगने मुंबईला आणखी एक गोष्ट दिली. १८९८ मध्ये मुंबई सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढावयाचे, हवा खेळवावयाची, हा हेतू. ट्रस्टने बांधले त्याहून अधिक खोल्या पाडल्या आणि हुसकलेला गरीब शेजारच्या वस्तीत दाटीने शिरला. धुतलेल्या घरातून उंदीर पळाले होते, तशीच ही माणसे पळविली गेली. व्यवस्थेच्या नजरेत दोघांत फारसा फरक नव्हता.

पण याच ट्रस्टने कामगारांसाठी काही चाळी बांधल्या. परळच्या पोयबावाडीतली बी. आय. टी. चाळ ही त्यांतली एक. १९१२ च्या सुमारास रामजी सुभेदारांचे कुटुंब तेथे राहावयास आले आणि बाबासाहेबांनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे त्या चाळीतल्या दोन लहान खोल्यांत काढली. परदेशचे शिक्षण, मूकनायक, महाड, गोलमेज परिषद, या साऱ्या काळात त्यांचे घर तेच. उंदरांनी आणलेल्या रोगाला भिऊन राज्यकर्त्यांनी बांधलेल्या भिंतींत आपल्या चळवळीचे घर होते. इतिहासाला योजना नसते, पण त्यातले दुवे असे कधी कधी समोर येतात.

५

१९५० नंतर हिवतापासाठी गावोगाव डीडीटी फवारली गेली. तिने डासांबरोबर पिसवाही मेल्या आणि प्लेग मागे हटला असे मानले जाते. १९६६ मध्ये कर्नाटकात शेवटचे काही रोगी सापडले, आणि हा रोग संपला असे सर्वांनी धरून चालले. प्लेगवर नजर ठेवणारी यंत्रणाही हळूहळू ढिली पडली.

मग १९९४ उजाडले. आपल्याला ते साल नामविस्ताराचे म्हणून आठवते. सतरा वर्षांच्या, घरेदारे जाळून घेतलेल्या लढ्यानंतर १४ जानेवारीला विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. त्याच सालच्या ऑगस्टमध्ये गोदावरीपलीकडे, आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, मामला नावाच्या खेड्यात पिसवा फार झाल्याची तक्रार झाली. उंदीर पडल्याचे लोकांनी सांगितले. पाठोपाठ माणसांना ताप आणि गाठी. नव्वद वर्षांपूर्वीची म्हातारी जे सांगत ते जसेच्या तसे.

हे कसे घडले असावे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मराठवाड्यात दूरदूरपर्यंत लोक घाबरून घराबाहेर झोपू लागले, धान्य मात्र घरातच राहिले. माणूस नाही, धान्य भरपूर; उंदरांना याहून काय हवे? माळरानावरच्या रानउंदरांत जंतू दबा धरून असतो, तो घरच्या उंदरांत आला असावा. लोक घरात परतले तेव्हा पिसवा वाट पाहत होत्या. एवढा एकच मुद्दा घ्यावा: भूकंपाचा निवारा, धान्याची साठवण आणि आरोग्य यांची खाती सरकारात निराळी असली, तरी उंदराला ती एकच असतात.

सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उद्भवला. पन्नासहून अधिक माणसे गेली, लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यांत खानदेश-मराठवाड्यातून पोटासाठी गेलेले कामगार होते. पळणाऱ्यांत खासगी डॉक्टरही पुष्कळ होते. थांबले कोण? सरकारी रुग्णालयातले कर्मचारी आणि सफाई कामगार. हा प्लेगच होता का, यावर विद्वानांत वर्षानुवर्षे वाद चालला. पुढे जंतूच्या गुणसूत्रांच्या तपासणीने तो प्लेगच असल्याचे हैदराबादच्या संशोधकांनी २००० मध्ये दाखविले. १९९५ नंतर सुरत महापालिकेने शहर स्वच्छ करून दाखविले आणि आयुक्त एस. आर. राव यांचे सर्वत्र कौतुक झाले. ते योग्यच. पण रोज पहाटे ज्या हातांनी ते शहर झाडले, त्यांतले एकही नाव आपल्याला माहीत नाही. १८९६ चे हलालखोर निनावी, १९९४ चे सफाई कामगारही निनावी. मधल्या अठ्ठ्याण्णव वर्षांत प्रजासत्ताक आले होते!

२००२ मध्ये हिमाचल प्रदेशात शिमल्याच्या बाजूच्या एका खेड्यात सोळा जणांना प्लेग झाला, चार दगावले. म्हणजे जंतू गेलेला नाही. मात्र आता औषधे आहेत. वेळेवर मिळाली तर माणूस वाचतो. म्हणून आजचा प्रश्न औषधाचा कमी आणि वेळेवर मिळण्याचा जास्त आहे.

६

आज आमच्या माणसाला उंदरापासून जो खरा धोका आहे तो लेप्टोस्पायरोसिसचा. उंदराच्या मूत्रपिंडात हा जंतू बिनबोभाट राहतो आणि त्याच्या मुतातून पाण्यात, चिखलात उतरतो. उंदराला त्याचे काही होत नाही. त्या पाण्यात अनवाणी, भेगाळलेल्या, कापलेल्या पायांनी जो उभा राहतो त्याच्या अंगात तो शिरतो. पाच ते चौदा दिवसांनी ताप, पोटऱ्यांत असह्य कळा, डोळे लाल; काहींना कावीळ होते, मूत्रपिंडे बंद पडतात. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या जलप्रलयानंतर या रोगाने अनेकांचा बळी घेतला, तेव्हा त्याचे नाव वर्तमानपत्रांत आले. कोकणातल्या भातखाचरांत तो आधीपासूनच आहे. नाली, गटार, भुयारी चेंबर, उसाचा फड, भाताचे खाचर, ही त्याची ठिकाणे. तेथे कोण उतरते हे मी सांगावयास नको. आमच्या जिल्ह्यातून दर दिवाळीनंतर हजारो जोड्या ऊसतोडीला जातात. फडाच्या कडेला पालात, जमिनीवर, उंदरांच्या शेजारी झोपतात. जोडीला स्क्रब टायफस आहे. उंदरांच्या अंगावर पोसल्या जाणाऱ्या अत्यंत बारीक किड्यांच्या पिलांपासून तो होतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याची साथ होती. या दोन्ही रोगांवर डॉक्सिसायक्लीन ही स्वस्त गोळी चालते. पण ती पहिल्या आठवड्यात सुरू व्हावयास हवी. आपला माणूस पहिला आठवडा "अंगावर काढण्यात" घालवतो, कारण खाडा केला तर मजुरी जाते.

एका नगरपालिकेतल्या, नाव घेत नाही, कंत्राटी सफाई कामगाराला मी ओळखत होतो. नाली उपसल्यानंतर दोन आठवड्यांनी तो तापाने पडला. घरच्यांनी कावीळ म्हणून गळ्यात माळ घातली. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत मूत्रपिंडे गेली होती. कागदावर मृत्यूचे कारण कावीळ. कंत्राटदाराने सांगितले, "तो कामावर मेला नाही, घरी मेला."

हे वाक्य म्हणजे आजच्या अस्पृश्यतेची व्याख्या आहे. चेंबरमध्ये विषारी वायूने गुदमरून माणूस मेला तर निदान बातमी होते. १९९३ पासूनच्या अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाखांवर नेली. पण त्याच चेंबरमधून रोग घेऊन पंधरा दिवसांनी घरी मरणारा माणूस कोणत्याच यादीत येत नाही. वायू लगेच मारतो म्हणून मोजला जातो. उंदीर सावकाश मारतो म्हणून मोजला जात नाही.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, ज्या कामात संसर्गाचा विशेष धोका आहे त्या कामातून जडलेले संसर्गजन्य रोग 'व्यावसायिक रोग' म्हणून धरले गेले होते. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि व्यावसायिक रोगांची यादी तेथेही आहे. म्हणजे नाली उपसणाऱ्याला झालेला लेप्टो हा त्याच्या कामाचा रोग आहे, असे म्हणावयास कायद्यात जागा आहे. परंतु त्यासाठी रोगाचे नाव कागदावर यावे लागते, आणि रोगाचे नाव येण्यासाठी रक्ताची तपासणी व्हावी लागते. तपासणी नाही, म्हणून रोग नाही. रोग नाही, म्हणून भरपाई नाही.

आणखी एक चित्र. कुष्ठरोगाने ज्याच्या बोटांची संवेदना गेली आहे, त्याची बोटे रात्री उंदीर कुरतडतात आणि त्याला सकाळी कळते. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. कुष्ठरोग्यांत काम करणाऱ्या डॉक्टरांनी हे नोंदविलेले आहे. पण समाजालाही असा एक रोग जडला आहे. त्याच्या शरीराच्या एका भागाची संवेदना त्याने स्वतःच मारून टाकली आहे. तो भाग रोज कुरतडला जातो आणि बाकीच्या शरीराला कळत नाही.

७

केवळ संताप व्यक्त करून लेख संपवणे हे लेखकाला सोपे असते. कार्यकर्त्याला त्याचा उपयोग नसतो. म्हणून काही कामे सांगतो.

पहिले, जिल्ह्यातल्या प्रत्येक नगरपालिकेत, कायम आणि कंत्राटी असा भेद न करता, सफाई कामगारांची नोंद आपण स्वतः करावी. नाव, काम, काम कोणत्या तारखेला कोठे केले. नंतर आजार झाला तर हीच वही पुरावा होईल. दुसरे, नाली उपसल्यानंतर महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरला "मी गटारात उतरलो होतो" हे पहिले वाक्य सांगावयाचे, हे घरोघर शिकवावे. त्या एका वाक्याने निदान बदलते. तिसरे, गमबूट आणि हातमोजे ही भीक नाही. २०१३ च्या कायद्यान्वये मालकावर ती बंधनकारक आहेत. ती न दिल्यास कामाला नकार देणे हा गुन्हा नाही. चौथे, ऊसतोडीला जाणाऱ्या वस्त्यांतल्या शिक्षकांनी या रोगांची लक्षणे मुलांना शिकवावीत. घरी वाचू शकणारे पुष्कळदा तेच असतात. पाचवे, विद्यार्थ्यांनी म्हाताऱ्या माणसांकडून साथींच्या उरल्यासुरल्या आठवणी लिहून घ्याव्यात. गाठीच्या वर्षी महारवाड्यात आणि मांगवाड्यात काय झाले, हे सांगणारे कोणी उरले नाही, तरी त्यांच्याकडून ऐकलेले अजून आहेत.

उंदीर मारणे हा या प्रश्नाचा एक भाग आहे. मुंबई महापालिकेत रात्री काठी घेऊन उंदीर मारणारे कामगार असतात आणि रात्रीला तीस उंदरांची अट त्यांच्यावर असते. ते काम आवश्यक आहे. पण धान्य उघडे, नाली उघडी, पाय उघडे आणि नोंदवही बंद, अशी स्थिती राहिली तर तीस काय, तीनशे उंदीर मारूनही रोगाची वाट बंद होणार नाही.

१८९६ च्या मुंबईला कळले होते की हा माणूस गेला तर शहर उरत नाही. ते शहराला कळले, एवढे पुरेसे नव्हते. ते त्या माणसाला कळले पाहिजे, आणि कळल्यावर त्याने एकट्याने नव्हे, संघटनेने बोलले पाहिजे. आपले काम तेथून सुरू होते.